कमी खाऊन तेवढंच दूध देणारी गाय: जीनवरून आधीच ओळखता येते का?

काटोलरोड_गोठा

नमस्कार मंडळी. कळमेश्वरच्या अलीकडे माझा गोठा आहे. लहानमोठी चौदा जनावरं, त्यातल्या नऊ गायी सध्या दुधात. बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, दोन जर्सी संकरित.

मागच्या आठवड्यात एक सिमेन विकणारा माणूस चकचकीत कॅटलॉग घेऊन आला. म्हणाला, "या वळूच्या मुली कमी खातात आणि दूध तेवढंच देतात. जीनवरून सिद्ध झालंय." वीर्याच्या एका कांडीचे 1800 रुपये. मी आत्ता वापरतो ती कांडी याच्या पाव किमतीतही येते.

त्याला हाकलून द्यावं असं वाटलं नाही, कारण त्यानं दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं. दुधाच्या खर्चातल्या शंभर रुपयांपैकी साठ-सत्तर चाऱ्यात आणि खुराकातच जातात. सरकीची ढेप घ्यायला गेलो की दरवेळी नवा भाव. दुधाचा भाव मात्र हलता हलत नाही.

शिवाय रोज डोळ्यांसमोर एक गोष्ट घडते. गौरी आणि कपिला शेजारी बांधलेल्या. दोघी दिवसाला 12 लिटरच्या आसपास. गौरी दरवेळी गव्हाणीत मूठभर कुटार शिल्लक ठेवते. कपिला आपली गव्हाण चाटून स्वच्छ करते आणि मग मान लांबवून गौरीच्या गव्हाणीत तोंड घालते. म्हणजे गायीगायीत फरक आहेच. तो रक्तातून पुढे उतरतो का? आणि कालवड जन्मली त्याच दिवशी तो ओळखता येतो का?

---

उमरेडचा_पाटील

भाऊ, पयले कपिलाची दोरी दोन इत आखूड करा. निम्मा चारा थ्याच दिवशी वाचते 🙂

---

सेमिनरीहिल्सचा_डॉक्टर

पाटील, तुमचा इलाज मी लिहून ठेवला आहे.

आता मूळ प्रश्न. मी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलो आणि तीस वर्षं याच जिल्ह्यात गोठे फिरलो. माणसानं सांगितलेलं शास्त्र खोटं नाही. फक्त ते कुठून आलं आणि कुठल्या गायींवर उभं आहे, हे त्यानं तुम्हाला सांगितलं नाही.

गाय जास्त का खाते? जास्त दूध देते म्हणून, अंगानं मोठी आहे म्हणून, अंगावर चरबी चढवतेय म्हणून, पोटात वासरू आहे म्हणून. ही सगळी कारणं हिशोबात धरून तिनं किती खायला हवं याचा अंदाज काढता येतो. मग प्रत्यक्ष खाल्लेलं वजन करून त्यातून हा अंदाज वजा करायचा. जे उरतं त्याला आरएफआय म्हणतात, मराठीत 'उरलेला आहार' म्हणू. अंदाज 13 किलोचा आणि गाय 12 किलोत भागवत असेल तर उणे एक. ती काटकसरी गाय. 14 खात असेल तर अधिक एक.

या उरलेल्या आकड्याचा काही भाग आनुवंशिक असतो. सगळा नाही. पोटातले जिवाणू, चघळण्याची पद्धत, गोठ्यातली गर्मी, माश्यांमुळे होणारी धडपड हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण जेवढा रक्तातून येतो तेवढ्यावर निवड करता येते.

जीनवरून ओळखायची पद्धत अशी. गायीच्या डीएनएवर हजारो ठिकाणी एकाच अक्षराचा फरक असतो, त्याला स्निप म्हणतात. चिपवर अशी पन्नासेक हजार ठिकाणं एका झटक्यात वाचली जातात. ज्या गायींचा चारा खरोखर वजन करून मोजलाय त्यांचे स्निप आणि त्यांचा आहार समोरासमोर ठेवायचे. कुठलं अक्षर कमी खाण्याशी किती जुळतं याचा भार काढायचा. मग नव्या कालवडीच्या कानाचा कणभर तुकडा किंवा शेपटीचे मुळासकट केस घेतले, की तिच्या अक्षरांवरून अंदाज बांधता येतो. 2001 साली म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या शास्त्रज्ञांनी ही रीत मांडली, आणि 2009 पासून अमेरिकेत होल्स्टीनच्या अधिकृत मूल्यांकनात ती आली. पूर्वी वळूच्या मुली मोठ्या होऊन दुधात येईपर्यंत पाच-सहा वर्षं थांबावं लागायचं.

तर ओळखता येते. पण ओळख ज्यांच्यावरून शिकली, त्यांच्यासारख्याच गायींमध्ये ती चालते. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

---

विस्कॉन्सिनचा_धरमपेठकर

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला दोन्ही हात वर. मी धरमपेठेत वाढलो, गेली अकरा वर्षं इकडे अमेरिकेत डेअरीच्या कामात आहे. चारा मोजतात कसा ते पाहिलंय म्हणून सांगतो.

प्रत्येक गायीच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला. गव्हाणीला फाटक. ठरलेल्या गायीचा बिल्ला आला तरच फाटक उघडतं. दुसरी कपिला तिथे मान घालू शकत नाही! गव्हाण वजनकाट्यावर बसवलेली. किती ग्रॅम उचललं, किती मिनिटं उभी होती, सगळं नोंदतं. रोज उरलेला चारा काढून पुन्हा वजन. चाऱ्याचा नमुना भट्टीत वाळवून ओलावा काढायचा, कारण हिरव्या चाऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच असतं. हे सलग कित्येक आठवडे.

एवढी यातायात असल्यामुळे मोजलेल्या गायी फारच थोड्या. दुधाच्या नोंदी कोट्यवधी गायींच्या आहेत, चाऱ्याच्या काही हजारांच्या. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये 'फीड सेव्ह्ड' नावाचा आकडा आला तोही फक्त होल्स्टीनसाठी, आणि त्याची विश्वासार्हता दुधाच्या आकड्यापेक्षा बरीच कमी. ऑस्ट्रेलियानं तो 2015 मध्येच आणला होता. या आकड्यात दोन गोष्टी एकत्र असतात: उरलेला आहार आणि अंगाचा आकार. म्हणजे वळूच्या मुली लहान चणीच्या असल्या तरी त्याचा आकडा चांगला दिसतो.

भाऊ, कॅटलॉगमध्ये त्या आकड्याशेजारी विश्वासार्हतेचा टक्का छापलेला असतो, तो बघा. आणि इकडच्या गायी मक्याचा मुरघास, अल्फाल्फा आणि सोयाबीन पेंड एकत्र कालवलेलं खातात. तुमची कपिला कुटार खाते.

---

शुभांगी_हिंगणा

मला थोडं वेगळं सांगायचंय. डॉक्टरसाहेब आणि धरमपेठकर दादा बरोबर असतील, पण आधी गव्हाणीकडे बघा.

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांच्या सहा गायी होत्या. सगळ्यांना सारखीच ढेप, पाच लिटरवालीला जेवढी तेवढीच बारा लिटरवालीला. कडबा अख्खा टाकायचे, निम्मा पायाखाली जायचा. मी कुट्टी मशीन घ्यायला लावलं. दुधाप्रमाणे खुराक वाटायला लागले. ढेपेचा थोडा भाग कमी करून तूर चुनी आणली, रोज खनिज मिश्रण सुरू केलं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात आमच्या भागात एक ताई घरोघरी यायच्या, गायीचं वजन फितीनं मोजायच्या आणि काय किती द्यायचं ते लिहून द्यायच्या. त्या कागदानं आमचा खर्च पहिल्याच महिन्यात खाली आणला.

1800 ची कांडी लावाल, ती कालवड दुधात यायला तीन वर्षं. कुट्टी मशीन उद्या सकाळी पैसे वाचवतं.

---

काटोलरोड_गोठा

ताई, कुट्टी मशीन आहे माझ्याकडे. पण सगळ्यांना सारखा खुराक, हे मात्र मी अजूनही करतोय. आजपासून बंद.

---

गवळाऊ_वर्धा

एवढी चर्चा झाली, पण आपल्या जनावराचं नाव कोणी घेतलं नाही. वर्धा-नागपूरची गवळाऊ मेच्या उन्हात रानात चरून येते, ना कूलर लागतो ना ढेप. तुमची एचएफ 45 च्या पाऱ्यात जीभ बाहेर काढून उभी असते. कमी खाणारी गाय परदेशात कशाला शोधायची?

---

सेमिनरीहिल्सचा_डॉक्टर

गवळाऊबद्दल तुमच्याइतकीच माया मलाही आहे. उन्हात टिकण्यात, पाय-खुरांत, रोग सोसण्यात तिला तोड नाही. पण इथे हिशोब वेगळा आहे. गाय जे खाते त्यातला पहिला मोठा वाटा नुसतं जिवंत राहण्यात जातो: श्वास, रक्त, अंगाची उष्णता, उभं राहणं. दोन लिटर देणाऱ्या गायीचा हा वाटा दोन लिटरवर पसरतो, बारा लिटरवालीचा बारावर. म्हणून दर लिटरमागे बघितलं तर कमी दूध देणारी गाय थोडं खाऊनही महाग पडते. बैलासाठी, शेतासाठी, वंश टिकवण्यासाठी ती हवीच. फक्त डेअरीच्या हिशोबात तिला ओढू नका, तिच्यावर अन्याय होतो.

उन्हाचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. एचएफ रक्ताची गाय साधारण 25 अंशांच्या वर गेलं की त्रासायला लागते. धापा टाकण्यातही ऊर्जा जाते आणि खाणं कमी होतं. उन्हाळ्यात कमी खाणारी गाय काटकसरी आहे की हैराण आहे, हे नुसत्या गव्हाणीकडे बघून कळत नाही. थंड गोठ्यात काटकसरी ठरलेल्या वळूची मुलगी आपल्या मे महिन्यात तशीच राहील, याची खात्री तो कॅटलॉग देऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियानं उष्णता सोसण्याचा वेगळा आकडा 2017 मध्ये काढला तो याचसाठी.

ब्राझीलचं उदाहरण बघा. आपल्या गुजरातची गीर त्यांनी नेली, होल्स्टीनशी संकर करून गिरोलांडो तयार केली, आणि आज त्यांच्या गरम भागातलं दूध मोठ्या प्रमाणात याच गायींचं आहे. त्यांनी स्वतःच्या गायींच्या नोंदी ठेवल्या, म्हणून त्यांना स्वतःच्या गायींचे अंदाज बांधता आले.

---

उमरेडचा_पाटील

उन्हाचा विषय निघालाच तं सांगतो. मी गेल्या साली गोठ्याले खसची ताटी लावून कूलर लावला होता. मे महिन्यात झकास. जूनमंधी पावसाचे चार थेंब पडले आन् हवा दमट झाली, तं थ्याच कूलरनं गायी जास्तच घामेजल्या. डॉक्टरनं सांगतलं का दमट हवेत कूलर बंद, नुसता पंखा चालू, आन् अंगावर पाणी मारून मंग वारा द्या. लय फरक पडला बाप्पा. दीड लिटर दूध वापस आलं.

---

शुभांगी_हिंगणा

पाटील काका, आमच्याकडे खुराक पहाटे पाचला आणि रात्री नऊला देतो, दुपारी फक्त पाणी आणि थोडी वैरण. रवंथ करताना अंग तापतं, ते दुपारच्या वेळेत नको.

---

पीजी_माफसू

मी इथे माफसूत (नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठात) पशुप्रजनन विषयात एमव्हीएससी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण करतेय. आपल्याकडे काय चाललंय ते थोडं सांगते, कारण ते आपल्या विदर्भातूनच जाहीर झालं. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 'गौचिप' आणि 'महिषचिप' या जीन वाचणाऱ्या चिपांचं लोकार्पण झालं. गौचिप गायींसाठी, महिषचिप म्हशींसाठी. बाहेरच्या चिप मुख्यतः युरोपीय जातींच्या फरकांवर बेतलेल्या होत्या. गीर, साहिवाल, आपल्या संकरित गायी यांच्यात जे फरक नेहमी दिसतात ते त्यात पुरेसे पकडले जात नव्हते.

पण चिप म्हणजे फक्त वाचण्याचं भिंग. वाचलेल्या अक्षराचा अर्थ मोजलेल्या गायींवरूनच लागतो. दुधासाठी तरी नोंदी जमतायत, कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर भारत पशुधन या सरकारी नोंदप्रणालीत दूध, वेत, रेतन चढवलं जातं. वैयक्तिक चाऱ्याच्या नोंदी गोठ्यांतून जवळजवळ येतच नाहीत. विदर्भातल्या शंभर गोठ्यांनी नुसतं दूध आणि छातीचा घेर (त्यावरून वजन कळतं) नीट नोंदवला तरी आमच्यासारख्यांना ते सोनं आहे.

आणखी एक. सगळा चारा मोजणं परवडत नाही म्हणून आडवाटाही शोधल्या जातायत. दुधाच्या नमुन्यावर अवरक्त किरण टाकून फॅट-प्रोटीन मोजतात ना, त्याच आलेखावरून गाय किती मिथेन सोडते याचा अंदाज कॅनडानं काढला आणि 2023 मध्ये होल्स्टीनसाठी त्याचं मूल्यांकन सुरू केलं. खाल्लेल्या चाऱ्यातली काही ऊर्जा मिथेन होऊन ढेकरेतून हवेत जाते, म्हणून दोन्ही प्रश्न शेजारशेजारचे.

---

गवळाऊ_वर्धा

डॉक्टरसाहेब, पटलं. पण या चिपमध्ये गवळाऊच्या नोंदी कोण टाकणार? गीर-साहिवालचं नाव सगळे घेतात. आमच्या गायी दरवर्षी कमी होतायत, उरलेल्यांचे केसाचे नमुने तरी कोणी घ्यावेत.

---

पीजी_माफसू

काका, तुमच्या गावात बिल्ले मारलेल्या शुद्ध गवळाऊ किती आहेत ते मला निरोपातून कळवा. विभागात बोलून बघते. हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा आहे.

---

विस्कॉन्सिनचा_धरमपेठकर

एक धोका सांगायचा राहिला. फक्त कमी खाण्यावर निवड करत गेलं तर चुकून अशा गायी निवडल्या जातात ज्या स्वतःच्या अंगातून दूध काढतात. व्याल्यावर सुरुवातीला गाय खाऊन भागत नाही, चरबी वितळवून दूध देते. त्या काळात मोजलं तर ती 'काटकसरी' दिसते. म्हणून इकडे पहिले साधारण 50 दिवस सोडून, मधल्या काळात मोजतात, आणि वजनातला बदल हिशोबात धरतात. हा आकडा एकटा कोणी वापरत नाही, गाभण राहणं, कास, आयुष्य यांच्यासोबतच बघतात.

---

काटोलरोड_गोठा

मंडळी, महिन्याभरानं परत येतोय. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, तर रिकाम्या हातानं यावंसं वाटलं नाही. मोजलं.

गौरी आणि कपिलामध्ये बांबूचा आडणा ठोकला. किराणा दुकानातला जुना काटा आणला, त्याला लोखंडी हूक लावून टोपलं टांगलं. 21 दिवस, सकाळ-संध्याकाळ. मुलगी वहीत लिहायची, मी ओरडून आकडा सांगायचो. सकाळी उरलेलं काढून परत वजन.

सरासरी, शिल्लक वजा करून:
गौरी: हिरवा चारा 18 किलो, कडबा-कुटार 5, खुराक 5.
कपिला: हिरवा 22, कडबा-कुटार 6, खुराक 5.
दोघींचं दूध 12 लिटर. फॅट गौरीची 3.6, कपिलाची 4.2. फितीवरून वजन गौरी 390, कपिला 430.

म्हणजे गौरी जिंकली ना?

---

सेमिनरीहिल्सचा_डॉक्टर

वा! तीस वर्षांत कोणी असा कागद माझ्यासमोर ठेवला नव्हता. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

आता हिशोब करू. हिरव्यात कोरडा भाग पाचवा हिस्सा, कडब्यात आणि खुराकात नव्वद टक्के धरतो. गौरी: 3.6 + 4.5 + 4.5 = 12.6 किलो कोरडा आहार. कपिला: 4.4 + 5.4 + 4.5 = 14.3. फरक 1.7 किलो.

कपिला 40 किलो जड आहे, त्याचे साधारण 0.6 किलो वजा. तिच्या दुधात फॅट जास्त, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये जास्त ऊर्जा, त्याचे 0.4 वजा. उरले 0.7 किलो. तुम्हाला डोळ्यांनी दिसत होता त्याच्या निम्म्याहून कमी.

आता दोन गोष्टी सांगा. गौरी व्याली कधी? आणि पहिल्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी छातीचा घेर किती होता?

---

काटोलरोड_गोठा

गौरी मोजायला सुरुवात केली तेव्हा व्यायला तीन आठवडे झाले होते. कपिलाला चार महिने.

घेर वहीत बघितला. कपिला जशीच्या तशी. गौरी 3 सेंटीमीटरनं उतरली. आता गोठ्यात जाऊन आलो. तिच्या पाठीच्या कण्यावरून हात फिरवला तर मणके बोटाला लागतात. रोज तिला बघतो, मूठभर शिल्लक ठेवते म्हणून कौतुक करतो, आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही. अजून माजावरही आलेली नाही.

---

सेमिनरीहिल्सचा_डॉक्टर

मनाला लावून घेऊ नका. तिला काटकसरी म्हणायची घाई नको, एवढंच. ती अंगातून देतेय. मूठभर शिल्लक हे पोट भरल्याचं लक्षण नसेलही. उद्या मी त्याच बाजूला आहे, येऊन बघतो. कीटोसिस (अंगातली चरबी फार वितळली की रक्तात-लघवीत कीटोन वाढतात तो आजार) तपासू, दाढा बघू. तोवर खुराक एकदम वाढवू नका, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा.

---

शुभांगी_हिंगणा

भाऊ, शंभर ग्रॅम गूळ पाण्यात घालून देऊन बघा, चव लागली की खायला तोंड लावेल. आणि शिळी वैरण काढून दिवसातून चार वेळा थोडी थोडी ताजी टाका.

---

काटोलरोड_गोठा

डॉक्टरसाहेब येऊन गेले. लघवीच्या पट्टीवर कीटोन आलेच. औषध सुरू आहे, कालपासून गौरी गव्हाण रिकामी करतेय.

कांडीचं ठरवलं. कॅटलॉग पुन्हा काढला, त्या आकड्याशेजारचा विश्वासार्हतेचा टक्का दुधाच्या टक्क्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. 1800 नाही घालवत. कपिला आज पहाटे माजावर आली, तिला सरकारी योजनेतली लिंगनिश्चित (बहुतेक कालवडच होते अशी) कांडी भरली. वळूचा नंबर वहीत आहे आणि बिल्ल्यावर चढवून घेतला. कालवड झाली की तिच्या शेपटीचे केस पीजी ताईंच्या हवाली.

मोजणं थांबवणार नाही. गौरीचे 50 दिवस उलटले की दोघींचं पुन्हा 21 दिवस. फक्त किराणावाल्यानं काटा परत मागितलाय. कोणाकडे 50 किलोचा टांगता काटा पडून आहे का?

---

उमरेडचा_पाटील

हाय माह्याकडे. कापूस मोजाचा हाय, पन चालते. रविवारी कळमना मार्केटात संत्रा घेऊन येऊन राह्यलो, थ्या दिवशी घेऊन जा. आडणा मजबूत ठोका मात्र, कपिलाचा भरवसा नाई.